सामाईक इंटरनेटची पाळी

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सामाईक विहिरींचे तंटे मीं पुष्कळ पाहिले. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चार भावांचा हिस्सा लिहिलेला असतो, विहीर एक असते, आणि चैत्र-वैशाखांत पाणी तळाशीं गेलें म्हणजे प्रत्येकास असें वाटूं लागतें कीं, नेमक्या आपल्याच पाळीस विहीर आटते. अशा वेळीं शहाणीं घरें प्रथम पाळी बांधून घेतात. अविचारी घरें प्रथम मोठें इंजिन आणतात, आणि इंजिन मोठें आणल्यानें विहिरीचा झरा मोठा होत नाहीं, हें मागाहून शिकतात. हल्लीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत अशीच एक दुसरी सामाईक विहीर आली आहे, ती म्हणजे घरचें इंटरनेट. जोडणी एक, तिच्यावर तीन भावांचीं कुटुंबें, आठ-दहा मोबाईल, एखादा संगणक व एक टीव्ही, आणि कोणतीही मोठी फाईल उतरवून घ्यावयाची झाली म्हणजे तासन् तास वाट पाहणें. या विहिरीचीही पाळी बांधतां येते. ती कशी बांधावी, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे.

कोणी म्हणेल कीं, शेतकऱ्यास याची एवढी निकड काय? निकड आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व उभ्या पिकाचा फोटो मोबाईलवरून पाठविणें शेतकऱ्याच्या गळ्यांत आलें. २०२५ सालीं कापूस महामंडळानें हमीभावाच्या खरेदीसाठीं कपास किसान नांवाच्या ॲपवर नोंदणी मागितली. पीकविम्याचा अर्ज मुदतींत जावा लागतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका, बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें, मुलामुलींच्या प्रवेशपरीक्षांचे पाठ, हें सर्व आतां याच मार्गानें घरांत येतें. ज्या घरांत एक मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत आहे व तिचा पाठ दर दोन मिनिटांस थांबतो, त्या घरांत ही बाब करमणुकीची राहिलेली नाहीं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली व पुढें तिला भारतनेट असें नांव मिळालें. परंतु ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आलेली तार व आपल्या माजघरांतील मोबाईल यांच्यामध्यें पुष्कळ अंतर आहे, आणि वेग बहुधा त्या अंतरांतच हरवतो.

प्रथम माप समजून घेतलें पाहिजे, कारण निम्मे गैरसमज मापांतच आहेत. कंपनी वेग विकते तो मेगाबिटांत, आणि फाईलीचा आकार लिहिलेला असतो तो मेगाबाइटांत. ८ बिट मिळून १ बाइट होतो. सबब १० मेगाबिटांची जोडणी घेतली असतां सेकंदास १० नव्हे, तर फार तर सव्वा मेगाबाइट माल घरांत येईल. एकर व गुंठे यांची गल्लत करून कोणी खरेदीखत लिहीत नाहीं. येथें मात्र ही गल्लत सर्रास होते व कंपनीस व्यर्थ दोष दिला जातो. या हिशेबानें ३०० मेगाबाइटांची फाईल १० मेगाबिटांच्या जोडणीवर ४ मिनिटांत व २ मेगाबिटांच्या जोडणीवर २० मिनिटांत उतरली पाहिजे. २ मेगाबिटांचा उल्लेख मुद्दाम केला. २०२३ सालीं सरकारनें ब्रॉडबँड या नांवास पात्र होण्याची किमान मर्यादा तेवढीच ठरविली. शिवाय जाहिरातींतील आंकड्यामागें ‘पर्यंत’ हा एक शब्द असतो, तो वाचण्यास विसरूं नये. तसेंच महिन्याचा ठराविक माल संपल्यावर वेग एकदम खालीं आणण्याची अट पुष्कळ योजनांत असते. महिन्याच्या पंचवीस तारखेस घरचें इंटरनेट नेमानें मंदावत असेल, तर राउटर बदलण्यापूर्वीं ही अट पाहावी.

आतां रोगाची परीक्षा. विहिरींत पाणी कमी आहे, कीं पाट फुटला आहे, हें निरनिराळें पाहावें लागतें. इंटरनेटचेंही तसेंच आहे. घरांतील इतर सर्व उपकरणांचें इंटरनेट घटकाभर बंद करवून एक संगणक तारेनें थेट राउटरला जोडावा व वेग मोजावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचें मायस्पीड नांवाचें मोफत ॲप मोबाईलवर मिळतें, त्यावरून त्याच राउटरशेजारीं बसून पुनः मोजावें. आणि मग ज्या खोलींत नेहमीं काम चालतें तेथें जाऊन तिसऱ्यांदा मोजावें. सकाळीं सहा, दुपारीं दोन, रात्रीं नऊ व मध्यरात्र, अशा चार वेळां हीं मापें एका वहींत उतरून ठेवावीं. चार दिवसांत वही बोलूं लागते. तारेवर वेग पुरा आहे व आंतल्या खोलींत चतुर्थांश आहे, तर दोष कंपनीचा नसून घरांतील वायफायचा. तारेवरही मध्यरात्रीं पुरा व रात्रीं नऊ वाजतां अर्धा, तर गांवची तार त्या वेळीं भरून वाहते आहे. सर्व वेळीं सर्वत्र सारखाच कमी, तर मात्र कंपनीशीं बोलणें प्राप्त आहे.

वायफायच्या दोषांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण आपल्याकडील घरांची बांधणी तिला प्रतिकूल आहे. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, त्यांवर पत्र्याचें छप्पर, मधल्या खोलींत लोखंडी कपाट व धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या; या सर्वांतून वायफायची लहर जातांना क्षीण होते, आणि पत्र्यांतून तर ती जातच नाहीं म्हटलें तरी चालेल. राउटर बहुधा जेथें तार घरांत शिरली तेथेंच, म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यांत, खिळ्याला टांगलेला असतो. तो घराच्या मध्यभागीं, छातीएवढ्या उंचीवर, कपाटापासून दूर आणून ठेवावा. एवढ्यानेंही पुष्कळदां वेगांत लक्षांत येण्याजोगा फरक पडतो व खर्च कांहीं पडत नाहीं. ज्या राउटरांत दोन पट्टे असतात, त्यांतील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो परंतु संथ असतो, आणि ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो परंतु भिंतीस फार लवकर हार जातो. शेजारच्या खोलींत पांचाचा, दूरच्या खोलींत दोन-दशांश-चाराचा, असा वांटा करावा. आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वायफायवर एका वेळीं एकच उपकरण बोलूं शकतें. त्यामुळें गोठ्याच्या टोकाला बसून चित्रपट पाहणाऱ्याचा एक जुना मोबाईल, लहर क्षीण असल्यामुळें, थोड्याशा मालासाठीं फार वेळ हवा अडवून धरतो, आणि राउटरशेजारीं बसलेल्याचा वेगही त्यामुळें घटतो. दिंडीत सर्वांत हळू चालणाऱ्यामुळें सर्वांची चाल मंदावते, तसाच हा प्रकार.

या सर्वांवर उत्तम उपाय म्हणजे तार. ज्या संगणकावर मोठ्या फायली उतरावयाच्या, तो साध्या लॅन तारेनें राउटरला जोडावा. कॅट-फाईव्ह-ई जातीची तार घरगुती कामास पुरेशी आहे, आणि १०० मीटरपर्यंत तिच्यांत वेग कमी होत नाहीं. ही तार मात्र घराच्या आंतूनच न्यावी. घरापासून गोठ्यापर्यंत उघड्यावरून नेलेली तांब्याची तार मृगाच्या विजांत धोक्याची असते. विजा चमकूं लागण्यापूर्वींच राउटरची विजेची पिन व तांब्याच्या तारा काढून ठेवाव्या. ज्या घरीं तार आलेलीच नाहीं व मोबाईलच्या मनोऱ्यावरच सर्व भिस्त आहे, तेथें राउटर अगर हॉटस्पॉटचा मोबाईल मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीशीं, शक्य तर माडीवर ठेवून, चार जागीं मोजून जागा ठरवावी.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. बारनिशीवर बसलेल्या कारकुनास आवक व जावक हीं दोन बुकें ठाऊक असतात. इंटरनेटचीही आवक व जावक निराळी आहे. फाईल उतरविणें, ज्यास डाउनलोड म्हणतात, ती आवक; फोटो पाठविणें ती जावक. पुष्कळ योजनांत जावकेचा रस्ता आवकेपेक्षां फारच अरुंद असतो. आणि गंमत अशी कीं, आवकही जावकेवर अवलंबून आहे. मोठी फाईल एकदम येत नाहीं. ती हजारों लहान लखोट्यांत येते व काहीं लखोटे पोंचले म्हणजे आपला संगणक पलीकडे पोच पाठवितो. पोच मिळाल्यावांचून पलीकडचा पुढचे लखोटे सोडीत नाहीं. आतां घरांत कोणीं लग्नाचे चारशें फोटो व चित्रफिती पाठविण्यास लावल्या असतील, तर जावकेचा अरुंद रस्ता तुंबतो, पोचपावत्या त्या गर्दींत अडकतात, आणि आवकेचा रस्ता मोकळा असूनही फाईल मुंगीच्या पावलानें येते. संध्याकाळीं ‘इंटरनेट बंद पडलें’ म्हणून जी ओरड होते, तिचें मूळ कित्येकदां कोणाच्या तरी मोबाईलमधील फोटो आपोआप साठविण्याच्या सोयींत असतें. ती सोय ‘रात्रीं, चार्जिंगला असतांना’ अशी मर्यादित करावी अगर दिवसा बंद ठेवावी. चांगल्या राउटरांत क्यू-ओ-एस नांवाची व्यवस्था असते, तींत जावकेस मोजलेल्या वेगाच्या नऊ-दशांशाची मर्यादा घातली, तर पोचपावत्यांस वाट मोकळी राहते.

ही तुंबण्याची व्याधि नवी नव्हे. १९८६ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कले येथील विद्यापीठ या दोन ठिकाणांमधील जोडणी अशीच तुंबली. अंतर अवघें चारशें यार्ड. वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला, म्हणजे आठशेंवा हिस्सा उरला. पोच वेळेवर न आल्यामुळें प्रत्येक यंत्र तोच लखोटा पुनःपुनः पाठवी, आणि त्यामुळें गर्दी आणखीच वाढे. व्हॅन जेकबसन नांवाच्या संशोधकानें त्यावर जो उपाय शोधून १९८८ सालीं प्रसिद्ध केला, तो सामाईक विहिरीवरील कोणाही शहाण्या माणसास पटेल असाच आहे. प्रत्येकानें थोड्यापासून सुरुवात करावी, वाट मोकळी दिसेल तसें हळूहळू वाढवीत जावें, आणि लखोटा हरवला कीं गर्दी झाली असें समजून आपला उपसा एकदम निम्म्यावर आणावा. आज जगांतील बहुतेक इंटरनेट याच शिस्तीच्या वंशावर चालतें. कोणी पाटकरी नाहीं, कोणी दंड करणारा नाहीं, तरी बहुतेक यंत्रें आपण होऊन मागें सरतात.

परंतु या न्यायांत एक पळवाट आहे, आणि फाईल जलद उतरवून देणारीं जीं सॉफ्टवेअरें मिळतात, त्यांतील बरींचशीं या पळवाटेवर उभीं आहेत. वांटणी होते ती माणशीं नव्हे, जोडणीगणिक. घरांत दोघे जण एकेक फाईल उतरवीत असतील तर सुमारें निम्मा निम्मा वेग मिळतो. त्यांपैकीं एकानें डाउनलोड मॅनेजर वापरून आपल्या फाईलीचे आठ भाग एकाच वेळीं मागविले, तर एकूण नऊ हिस्से होतात व त्यांतील आठ त्यास जातात. धाकट्या भावाच्या नांवें एक पाणीअर्ज व आपल्या नांवें, पत्नीच्या नांवें, मुलांच्या नांवें मिळून आठ अर्ज, असाच हा प्रकार. त्याची फाईल खरोखरच लवकर उतरते, आणि तो सर्वांस सांगत सुटतो कीं या सॉफ्टवेअरनें इंटरनेटचा वेग वाढला. वेग वाढलेला नसतो. तो पलीकडच्या खोलींतून आलेला असतो. मग दुसराही तेंच सॉफ्टवेअर आणतो, तिसराही आणतो, आणि सर्व पुनः पूर्वींच्या हिश्श्यावर येतात, मात्र गर्दी आठपट झालेली असते. या सॉफ्टवेअरांचा खरा उपयोग एका प्रसंगीं आहे. फाईल फार दूरच्या ठिकाणाहून येत असेल, अगर पलीकडचें यंत्रच दर जोडणीस थोडा वेग देत असेल, आणि घरची तार रिकामी असेल, तेव्हां आठ भाग करण्यानें रिकामी तार भरते. म्हणून आमच्या घरीं मीं असा नेम घालून दिला आहे कीं, दिवसा एक भाग, मध्यरात्रीनंतर आठ.

मध्यरात्रीनंतरची पाळी हाच वस्तुतः या लेखाचा गाभा आहे. पुष्कळ मोठ्या फायलींची घाई नसते. आपण बटण दाबल्यामुळें ती घाई वाटूं लागते. नोकरींत असतांना एका कचेरींत मीं पाहिलें आहे कीं, सातबाऱ्याच्या संगणकीकरणाच्या दिवसांत दिवसा काम सरकेना, तेव्हां कित्येक मंडळी जेवून रात्रीं येत व दोन तासांत दिवसाचें काम उरकीत. तेंच तत्त्व घरीं लावावें. फ्री डाउनलोड मॅनेजर नांवाचें एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यांत फाईलींची यादी करून अमुक वाजतां सुरू व अमुक वाजतां बंद अशी वेळ लावून ठेवतां येते. त्याचा दुसरा गुण आपल्याकडे अधिक मोलाचा आहे. मध्येंच वीज गेली किंवा तार तुटली, तर जेथपर्यंत फाईल आली तेथूनच तें पुढें चालू करतें, बशर्ते पलीकडच्या यंत्रानें तशी सोय ठेवलेली असावी. दीड तास उतरलेली फाईल वीज गेल्यानें शून्यापासून सुरू करावी लागणें, यापरतें संथ इंटरनेट दुसरें नाहीं. राउटरपुरती लहान बॅटरी बाजारांत मिळते. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, तरी घेतांना राउटरच्या मागील चिठ्ठी वाचून घ्यावी.

दिवसा जें पाणी नकळत झिरपतें, तेंही बंद केलें पाहिजे. मोबाईलवरील ॲपें आपोआप नवीं होतात, व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक चित्रफीत न पाहतांच उतरते, आणि विंडोजचा संगणक आपल्या दुरुस्त्या केव्हांही मागवून घेतो, इतकेंच नव्हे तर सोय चालू असल्यास त्या दुसऱ्या संगणकांस पुरवितोही. हीं सर्व कामें सेटिंगमध्यें जाऊन बंद करतां अगर रात्रीवर ढकलतां येतात. चित्रपट पाहणाऱ्यास चित्रपट पाहूं नको म्हणणें निष्फळ आहे, परंतु चित्राचा दर्जा कमी करण्यास तो सहसा राजी होतो. यूट्यूबवर १०८० च्या दर्जास सुमारें ५ मेगाबिट लागतात, ४८० च्या दर्जास १ मेगाबिटाहून थोडे अधिक. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर हा फरक डोळ्यास फारसा कळत नाहीं. दोघांनीं दर्जा उतरविला कीं दहाच्या जोडणींत साडेसात-आठ मेगाबिट मोकळे होतात. पुढच्या मोठ्या योजनेचे पैसे भरण्यापूर्वीं एवढें करून पाहावें.

तसेंच एकदां उतरलेली फाईल पुनः उतरवूं नये. एकच पाठ्यपुस्तक तीन चुलत भावंडें तीन मोबाईलांवर निरनिराळें उतरवितात, हा शुद्ध अपव्यय आहे. एकानें उतरवावें व घरांतल्या घरांत मोबाईलवरून मोबाईलला किंवा पेनड्राइव्हनें द्यावें. त्यास बाहेरचें इंटरनेट मुळींच लागत नाहीं. राउटरचा पासवर्ड व ही सर्व व्यवस्था घरांतील थोरल्याकडेच असावी असा आग्रहही धरूं नये. ज्यास समजतें त्याच्याकडे ती द्यावी; पुष्कळ घरांत तें काम धाकटी सून अधिक चांगलें करील. पाळीचा क्रम मात्र सर्वांनीं मिळून ठरवावा. माझ्या मतें मुदत संपत आलेला अर्ज पहिला, मुलांचा अभ्यास दुसरा, बाजारभाव व पत्रव्यवहार तिसरा, आणि बाकी सर्व त्यामागून.

एक इशारा येथें दिला पाहिजे. सातबाऱ्याचा उतारा किंवा अर्जाची पावती ही फाईल अगदीं लहान असते. तिला वेळ लागला तर तो बहुधा घरच्या तारेमुळें नव्हे, पलीकडच्या सरकारी यंत्रावर एकाच वेळीं हजारों लोक लोटल्यामुळें. तेथें राउटर हलवून किंवा तार टाकून उपयोग नाहीं. पहांटे उठून करावें, आणि मुदतीच्या अखेरच्या तीन दिवसांवर कांहींच ठेवूं नये. वेग दुप्पट करून देतों म्हणणारीं जीं बूस्टर नांवाचीं ॲपें फिरतात, त्यांच्या वाटेस जाऊं नये. तीं आपलेंच इंटरनेट वापरून जाहिराती दाखवितात. डीएनएस बदलण्याचा सल्लाही पुष्कळ देतात. त्यानें पान उघडण्यास क्वचित् थोडा कमी वेळ लागतो, फाईल उतरण्याचा वेग बदलत नाहीं.

इतकें करूनही तारेवरील माप सर्व वेळीं कमीच येत असेल, तर कंपनीकडे तक्रार करावी व तक्रार-क्रमांक लिहून घ्यावा. तोंडी ‘स्लो चालतें’ म्हणून सांगणाऱ्यास राउटर बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळतो व प्रकरण निकालीं निघतें. तारीख, वेळ, तारेवरील माप व योजनेंतील वेग, असा चार रकान्यांचा दहा दिवसांचा तक्ता जोडल्यास त्याची वासलात इतक्या सहज लावतां येत नाहीं. आणि समाधान न झाल्यास प्रत्येक कंपनीस नेमावा लागणारा अपील अधिकारी आहे, त्याच्याकडे तोच तक्ता पाठवावा. कंपनी बदलण्याचा विचार असेल, तर त्या दुसऱ्या कंपनीची जोडणी गांवांत ज्याच्या घरीं असेल, त्याच्याकडे रात्रीं नऊ वाजतां जाऊन, त्याच्या परवानगीनें, तार लावून माप घ्यावें. विक्रेता दाखवितो तें माप सकाळचें असतें.